बंदिवानांची नावं

दि. ३ मे

चि. बाळ यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला, पण उत्तर लिहायला बसले की दार वाजतं. तू मंत्री झाल्यापासून आमच्या घराची धर्मशाळा झाली आहे. कुणाच्या भाच्याला नोकरी हवी, कुणाला टेलिफोन लवकर हवा. परवा एक गृहस्थ आले, ते म्हणे आपले चुलत्यांकडून नातेवाईक. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की भाऊ तीन वर्षं तुरुंगात होता तेव्हा आमचे नातेवाईक एका हाताच्या बोटांवर मोजता येत होते, त्यांत तुम्ही नव्हता. चहा मात्र सगळा पिऊन गेले.

तुला खरं सांगते, हे सगळं मला अगदीच नकोसं वाटतं असं नाही. मागच्या रविवारी मी ऑर्गनवरून उठल्यावर पाळकसाहेबांनी पहिल्या बाकावर बसायचा आग्रह केला. मी तोंडाने नको नको म्हटलं आणि बसले.

तुझ्या दाजींनी रेडिओवर तुझं भाषण ऐकलं. बाकी काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले की खालची कवळी सैल झाली आहे, प्रत्येक स ला शिट्टी वाजते, एकदा येऊन बसवून घे. जुन्या सरकारच्या शिपायांनी तुझे दात पाडले आणि दाजींनी नवे बसवले, म्हणून तर तू भाषणं करू शकतोस, हे ते कुणाला सांगत नाहीत. पण तुझ्या जबड्याचा प्लास्टरचा साचा दवाखान्यामागच्या खोलीत फळीवर आहे. परवा ते एका रोग्याला कौतुकाने दाखवत होते की हा आपल्या गृहमंत्र्यांचा जबडा. मी तो आता मागच्या रांगेत सरकवला आहे.

रविवारची मात्र मला अजून सवय जात नाही. बाबा पाळक असताना त्यांनी सुरू केलेली ती रीत: उपदेश संपला की शेवटच्या गीताआधी ज्याचं माणूस तुरुंगात असेल त्याने उभं राहायचं आणि नाव घ्यायचं. फक्त नाव, पुढे-मागे एक शब्द नाही. मागच्या बाकावर सरकारचे कान बसलेले असायचे, तरी बाबांनी ती थांबवली नाही. तीन वर्षं मी ऑर्गनच्या स्टुलावरून उठून तुझं नाव घेतलं. तुरुंग उघडले त्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं की कोणाला उभं राहायचं आहे, आणि कोणीच उठलं नाही, तेव्हा सगळी मंडळी रडली. आता उपदेशानंतर थेट गीत असतं. तरी उपदेश संपला की माझे पाय उठायला लागतात.

बाबा म्हणायचे की खुर्ची माणसाला एका दिवसात बिघडवत नाही, ती फक्त त्याला विचारणारं कोणी शिल्लक ठेवत नाही. म्हणून मी विचारत राहणार. तुला राग आला तर दाजींच्या चिमट्याची आठवण कर.

लोभ आहेच. खुर्चीच्या उबेने तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. १९ मे

प्रिय ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

टंकलेखक बाहेर बसला आहे, पण हे पत्र हाताने लिहितो आहे, कारण टंकलेल्या पत्राला तू सरकारी कागद म्हणशील आणि चुलीत घालशील.

मला दिलेली खोली तीच आहे जिथे बसून त्या माणसाने माझ्या अटकेवर सही केली होती. जाड पडदे, मोठं टेबल आणि सिंहासनासारखी खुर्ची. पहिल्याच दिवशी मी ती खुर्ची बाहेर काढायला लावली आणि शाळेतल्यासारखी साधी लाकडी आणवली. आठवड्याने पाठ इतकी धरली की ती परत आत घ्यावी लागली. हस खुशाल. तुरुंगातली पाठ आहे, तिचे लाड करावे लागतात.

माणसंही बरीचशी जुनीच आहेत. त्यांना काढलं तर काम कोण करणार? तुरुंगाचे अधिकारी मला पाहून उभे राहतात, आणि त्यांतल्या एकाचा हात माझ्या चांगला ओळखीचा आहे. मी त्याला क्षमा केली. माझ्यापेक्षा त्यालाच ते जड गेलं असावं.

प्रभूने शिष्यांना बजावलं होतं की जगातले राजे लोकांवर हुकमत गाजवतात, तुमच्यात तसं असू नये. सकाळी खोलीत आलो की मी आधी हे मनात म्हणतो आणि मग पहिली फाईल उघडतो. वर्षाच्या आत निवडणूक घेऊ असा शब्द मी चौकात उभं राहून दिला आहे. तो पाळला की ही खुर्ची सोडेन आणि परत शाळेत गणित शिकवीन. तोवर दर पत्रात माझी एक तरी चूक काढ. तुला आज्ञा आहे, मंत्र्याची नव्हे, धाकट्या भावाची.

दाजींना सलाम. कवळीला सवड काढतो. तुझी माया कमी पडू देऊ नकोस, इथे बाकी सगळं मुबलक मिळतं.

तुझा,
बाळ


दि. ३० सप्टेंबर

चि. बाळ यास,
अ. उ. आशीर्वाद.

चूक काढ म्हणाला होतास, तर आज काढते. बहुधा तुझी नसेल, तुझ्या हाताखालच्या कुणा आगाऊ माणसाची असेल.

परवाच्या रविवारी उपदेश संपला, मी ऑर्गनच्या पट्ट्यांवर हात ठेवले, आणि मागे कोणीतरी उभं राहिलं. शिवणमावशी. तीच, कपड्यांच्या दुकानात काजं-बटणं करते ती. तुरुंगातून सुटलास तेव्हा तुझा कोट तिनेच शिवला होता. तिने आपल्या मुलाचं नाव घेतलं आणि खाली बसली. बाळ, सगळी मंडळी तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहू लागली. माझे कान तापले. गीताचा पहिला सूरच चुकला.

मुलगा बेकरीत भट्टीवर कामाला आहे. तुझ्याच सरकारला वर्ष झालं त्या दिवशी त्याने भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर एवढंच होतं की वर्ष झालं, निवडणूक कधी. त्याला बेकरीतून पिठाच्या हातांनीच नेलं. कुठे ठेवलं आहे ते कोणी सांगत नाही. मावशी तुरुंगाच्या फाटकावर गेली तर तीच खिडकी आणि खिडकीत तोच शिपाई, जो मला तुझ्यासाठी हेलपाटे घालायला लावायचा. मावशी म्हणाली की कुलूप तेच आहे, फक्त किल्लीवाला बदलला. मला ते लागलं, कारण तिच्या बोलण्यात राग नव्हता.

शब्द तू दिलास आणि त्याची आठवण करून दिली म्हणून पोर आत, हे तुला ठाऊकच नसणार. लगेच बघ.

लोभ वाढवावा, आणि या कामात उशीर करू नये.

तुझी,
ताई


दि. १२ ऑक्टोबर

प्रिय ताईस,
स. स. वि. वि.

टंकलेलं पत्र पाहून रागावू नकोस, हात भरून आलेत.

फाईल मागवली आहे. प्रकरण दिसतं तितकं साधं नाही. अशा पोरांच्या हातात कागद देणारे निराळेच असतात. निवडणूक होणारच आहे, पण आधी थोडी शांतता हवी. घर सारवायचं तर माणसांना थोडा वेळ बाहेर उभं करावं लागतंच.

तुला एक विचारतो. मावशी भोळी आहे, ती आपण होऊन उभी राहिली नसेल. तिला कोणी सुचवलं? आणखी कोण उभं राहतं? तू नेहमी लिहितेस तसं सविस्तर लिही. ताई, इथे माझ्याभोवती सगळे होयबा आहेत. बाहेर लोक काय बोलतात ते मला फक्त तुझ्या पत्रांतून कळतं.

इथल्या सरकारी दंतवैद्याने नवी कवळी करून दिली, चांगली घट्ट बसते. दाजींनी मनाला लावून घेऊ नये.

लोभ असावा, पत्र लवकर यावं.

तुझा,
बाळ


दि. २० ऑक्टोबर

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

फाईल मागवलीस हे वाचून जिवात जीव आला. मावशीला लगेच जाऊन सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि मला उगीचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

आता सविस्तर ऐक. मावशीला उभं राहायला सांगितलं ते तुझ्या दाजींनीच. ते म्हणाले की आपल्या मंडळीत रीत आहे, ती एकट्या बाळसाठी नव्हती, गप्प काय बसतेस. आता चौघी उभ्या राहतात. दर गुरुवारी दवाखाना बंद झाला की त्या मागच्या खोलीत जमतात, प्रार्थना करतात आणि अर्ज लिहितात. दाजी चहा करून देतात, तोही पाणचट. चार रडणाऱ्या बायका आणि फळ्यांवर हसणारे तीस-चाळीस जबडे, असा तो देखावा असतो. मला आधी भीती वाटली, मग हसू आलं.

दाजींची जीभ तर तुला माहीत आहे. काल एका ठार बहिऱ्या आजोबांचं माप घेताना स्वतःशीच पुटपुटले की नव्या सरकारने दात नवे बसवले, पण पोट जुनंच आहे. खोलीत आम्ही तिघंच. आजोबा आ वासून बसलेले, त्यांना काय कळणार! मी मात्र पदर तोंडाला लावून बाहेर पळाले. तुलाही हसू येईल म्हणून लिहिलं. त्यांचा जीव तुझ्यावर किती आहे ते मी सांगायला नको.

मुलाचं लवकर कळव. लोभ आहे तसाच राहो.

तुझी,
ताई


दि. ६ नोव्हेंबर

बाळ,

काल यांना नेलं.

खुर्चीत रोगी होता, तोंडात प्लास्टर घट्ट होत होतं. हे म्हणाले की एवढा साचा काढू द्या, नाहीतर माणूस गुदमरेल. ऐकलं नाही. साचा मग मी काढला.

न्यायला आलेल्यांना सगळं माहीत होतं. गुरुवार माहीत होता, चौघी माहीत होत्या, चहासुद्धा माहीत होता. दारातून नेताना त्यांच्यातला एकजण यांना म्हणाला की चला, आमचं पोट दाखवतो. बाळ, ते वाक्य ऐकायला खोलीत तो बहिरा म्हातारा होता आणि मी होते. मी ते फक्त एका माणसाला लिहिलं.

तुझ्या टेबलावरून कोणीतरी माझं पत्र चोरून वाचलं असणार. कोण ते शोध. आणि यांना आजच्या आज घरी पाठव. रक्तदाबाची गोळी इथेच राहिली आहे.

ताई


दि. १८ नोव्हेंबर

महोदया,

मा. मंत्रिमहोदयांना उद्देशून पाठवलेले आपले दि. ६ चे पत्र या कार्यालयास मिळाले. ते योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे. यापुढील पत्रव्यवहार या कार्यालयाच्या नावे करावा.

आपला,
खासगी सचिव


दि. २५ नोव्हेंबर

बाळ,

तुझ्या सचिवाचं पत्र मिळालं. तुला अंगाखांद्यावर खेळवलं त्या बाईला महोदया म्हणून पत्र आलं, हेही बघायचं राहिलं होतं. हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून पाळकसाहेबांबरोबर पाठवते आहे.

आता मला कळलं आहे. कोणी चोरून वाचलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? माझ्या भोळेपणाचा मला इतका संताप येतो की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. नवऱ्याला मी माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात, पाकीट चिकटवून तुझ्याकडे पोचवलं.

काल फाटकावर गेले होते. यांची लोकरी बंडी, चष्मा आणि गोळ्या घेऊन गेले. त्या खिडकीपुढे बायका ताटकळत उभ्या होत्या, शिवणमावशीही होती. शिपाई मला पाहून उठला आणि त्याने आतून खुर्ची आणून दिली, कारण मी तुझी बहीण. मी बसले. त्याने माझी पिशवी घेतली आणि मावशीचं गाठोडं परत दिलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर माझीही पिशवी परत आली असती, असं मी वाटेत स्वतःला समजावलं.

शास्त्रात त्या राजाची गोष्ट आहे ना, ज्याचं मन शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यावर गेलं, आणि तो देईना म्हणून शेजारी दगडांनी मारला गेला? बाबा ती सांगताना एका ठिकाणी नेहमी थांबायचे. राजाने स्वतः शेजाऱ्याला दगड मारला नाही. तो फक्त रुसून, भिंतीकडे तोंड करून पलंगावर निजला. बाकीचं त्याच्या घरच्यांनी आणि दरबाराने केलं. तुझ्या खोलीत पलंग नसेल, पण तुझं तोंड कुठल्या दिशेला आहे ते मला लिही.

ज्या हातांनी तुझं तोंड परत बोलतं केलं ते हात तू बांधलेस. मला झोप नाही. तुझ्यावर रागावते आणि मग तुला लहानपणी खोकला यायचा ते आठवून रडते. यांना सोड.

ताई


दि. ८ डिसेंबर

प्रिय ताईस,
स. स. वि. वि.

हे हाताने लिहितो आहे आणि वाचून झालं की जाळून टाक.

पत्र मीच दिलं. तुला खोटं सांगणार नाही, एवढं अजून माझ्यात शिल्लक आहे. मी फक्त दाजींना समज द्यायला सांगितलं होतं. पण इथे माझ्या तोंडून निघालेला शब्द जिन्यावरून खाली जाईपर्यंत हुकूम होतो, आणि फाटकापाशी पोचेपर्यंत त्याला काठी फुटते. आणि एकदा झालेलं मागे घेतलं की सगळे समजतात की हा नरम पडला. तुला वाटतं मी वर बसलो आहे. ताई, मी वाघावर बसलो आहे.

मी सही केली नाही तर माझ्या जागी जो येईल तो डोळे मिटून सह्या करील. तो टपूनच आहे. मी असल्यामुळे दहातले चार सुटतात. सगळा देश बुडण्यापेक्षा एखाद्याने सोसलेलं बरं, हे मलाही सुरुवातीला गिळवलं नाही. मी प्रार्थना करतो. हल्ली पूर्वीसारखी होत नाही, पण करतो.

आता नीट वाच. दाजींना घरी पाठवणं अजून माझ्या हातात आहे. पण ते रविवारचं उभं राहणं थांबलं पाहिजे. त्याची बोंब परदेशी पोचली आहे. तू ज्येष्ठ आहेस, बाबांची मुलगी आहेस, मंडळी तुझं ऐकते. एक-दोन रविवार शांत गेले, की मी हुकूम काढतो.

शिवणमावशीच्या मुलाचं विचारू नकोस. ती फाईल माझ्याकडे राहिलेली नाही.

मला टाकून देऊ नकोस. तुझ्या मायेवाचून मी इथे अगदी एकटा आहे.

तुझा,
बाळ


दि. १५ जानेवारी

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

सगळ्यांसाठी एकाने सोसलेलं बरं, असं तू लिहिलंस. ते आधी कोण बोललं होतं ते विसरलास का? प्रभूला क्रुसावर पाठवणारा महायाजक बोलला होता. आणि तो काही ढोंग करत नव्हता, त्याला ते मनापासून पटलं होतं. तुझं पत्र वाचून मला त्याचीच भीती वाटली.

एवढं म्हणून, मी तू सांगितलंस ते केलं.

तिघींच्या घरी गेले. आपल्याला कळत नाही अशा मोठ्या गोष्टी असतात, माझं भावाशी बोलणं चालू आहे, घाईने काम बिघडेल, असं सगळं बोलले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. एकीने विचारलं की मग माझ्या नवऱ्याची भेट तरी मिळेल का. मी म्हटलं की बघते. अगदी तुझ्यासारखं. त्या तिघी कबूल झाल्या. मावशीने सगळं ऐकून घेतलं, हातातला दोरा दाताने तोडला आणि म्हणाली की मी उभी राहणार.

रविवारी उपदेश संपला. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले, त्यांनाही कळलं होतं. मावशी उठली. तिचं तोंड उघडायच्या आत मी ऑर्गनचे सगळे खटके ओढले, दोन्ही पायांनी भाता दाबला आणि गीत सुरू केलं. गीत सुरू झालं की मंडळीने उभं राहायचं असतं, त्याप्रमाणे सगळे उभे राहिले. मग ती एकटी उभी आहे हे कुणाला दिसणार? तिचे ओठ हलताना मला दिसले. गाणाऱ्यांचेही ओठ हलत होते. तिसऱ्या कडव्यापाशी तिचे थांबले.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी माझा हात दाबला. मावशी दारात माझ्या शेजारून गेली आणि तिने रोजच्यासारखा सलाम केला.

दुसऱ्या रविवारी कोणीच उठलं नाही. माझ्या बाजूने झालं. आता यांना पाठव.

ताई


दि. २४ जानेवारी

प्रिय ताईस,
स. स. वि. वि.

शाबास! हुकमावर आजच सही केली. पुढच्या आठवड्यात दाजी घरी असतील. त्यांना मऊ जेवण दे आणि चार दिवस कुणाला भेटू देऊ नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. महायाजकावरून मला झोडपलंस ते वाचून बरं वाटलं, ताई अजून ताईच आहे. पण त्याच्या पुढचं वाचून मला जास्त बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? इतके महिने तू मला परका झाल्यासारखं लिहीत होतीस. आता तुला माझं कळेल. एका माणसाला वाचवायचं तर दुसऱ्याकडे पाठ करावी लागते. तू ते दोन रविवार केलंस, मी रोज सकाळी करतो, फक्त माझ्याकडे ऑर्गन नाही. तू मला दोष देणार नाहीस आता, असं मनात आलं आणि बऱ्याच दिवसांनी मी नीट जेवलो.

निवडणूक पुढे ढकलली आहे. त्याचं सविस्तर भेटीत सांगेन. माझ्याकडे आणखी एक खातं येतं आहे.

असाच लोभ असावा. तू पाठीशी आहेस म्हणून मी आहे.

तुझा,
बाळ

ता. क. शिवणमावशीला तिच्या मुलाबद्दल कचेरीतून कळवलं जाईल. तू आधी काही बोलू नकोस.


दि. २० फेब्रुवारी

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

हे घरी आले. निम्मे झाले आहेत. उजवा अंगठा वाकत नाही, त्यामुळे चिमटा धरता येत नाही आणि दवाखाना बंद आहे. तक्रार करत नाहीत. आत काय झालं ते मी विचारलं तर म्हणाले की बाळला विचार, त्याला सगळं आधीपासून माहीत आहे.

पहिला प्रश्न त्यांनी मावशीच्या मुलाचा केला. मला सांगावं लागलं. कचेरीतून कागद आला होता, तापाने गेला म्हणून. कुठे पुरलं ते त्यात नव्हतं. मावशीने विचारलं तर खिडकीतल्या शिपायाने सांगितलं की ते दुसऱ्या खात्याकडे आहे. मग यांनी विचारलं की रविवारी आता कोण उभं राहतं. मी म्हटलं की कोणी नाही. का नाही ते मी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते मावशीकडे जाऊन बसले आणि परत आले तेव्हा त्यांना कळलेलं होतं. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, हात उगारला असता, तरी मला चाललं असतं. इतक्या वर्षांत आमच्यात असं गप्प बसणं कधी झालं नव्हतं.

परवाच्या रविवारी ते माझ्याबरोबर आले, पण पुढे बसले नाहीत, मागे मावशीच्या शेजारी बसले. उपदेश संपला आणि ते उठले. मेलेल्याचं नाव घ्यायची आपली रीत नाही. पण बाबांच्या रीतीचा अर्थ असा होता की ज्याचं माणूस अजून परत मिळालं नाही त्याने उभं राहायचं, आणि तो मुलगा कुणाला परत मिळाला नव्हता.

ते माझ्याकडे पाहत होते. रागाने नव्हे. मी पट्ट्यांवरून हात काढीन म्हणून थांबले होते. त्यांना तशी खात्रीच होती, बाळ. मी काढीन असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी तोंड उघडलं. मागच्या बाकावर पुन्हा सरकारचे कान बसलेले मला दिसत होते. मला त्या क्षणी मावशी दिसली नाही, क्रूस दिसला नाही, बाबा आठवले नाहीत. फक्त ती खिडकी दिसली आणि हे परत आत चाललेले दिसले. माझ्या हातांनी गीत सुरू केलं.

मंडळी उभी राहिली. मी सगळी कडवी वाजवली. ती संपली तरी हे उभेच होते, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लोक गायचे थांबले, पाळकसाहेब माझ्याकडे बघू लागले, तरी मी वाजवत होते. शेवटी मावशीनेच यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

ते आता मागच्या खोलीत निजतात. जेवायला बोलावलं की येतात. काल एवढंच म्हणाले की येत्या रविवारीही मी उभा राहणार आहे, तुला आधी सांगून ठेवतो.

तू लिहिलंस की आता मला तुझं कळेल. कळलं. सगळं कळलं, अगदी तुझ्या त्या खुर्चीपर्यंत. प्रभू कुणालाही क्षमा करतो हे मी चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं, आणि अजूनही ते खरंच आहे. पण क्षमा मागायला गुडघे टेकते तेव्हा मला कळतं की येत्या रविवारी मी पुन्हा तेच करणार आहे, आणि मग मी उठते.

गीत मी आजच निवडून ठेवलं आहे. त्याला कडवी पुष्कळ आहेत.

लोभ राहू दे. मला समजून घेईल असं तुझ्यावाचून दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

तुझी,
ताई